आपले, चार ते नऊ

पेंटर संशयी होता असं म्हणणं म्हणजे समुद्र जरा ओलसर असतो म्हणण्यापैकी. दुधाचं माप कमी भरलं की जगातली माणसं चिडतात. पेंटर माप बरोबर भरलं की चिडायचा. "आज पुरतं दिलंस? म्हणजे रोजचं काय?" एकदा त्याचं हरवलेलं घड्याळ एका भल्या माणसाने घरी आणून दिलं, तर हा त्या माणसाच्या मागे तीन गल्ल्या चालत गेला. घड्याळ परत करण्यामागे याचा डाव काय, ते बघायला. तो माणूस घरात शिरला, दार लावून घेतलं, आणि पेंटर तासभर समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिला. डाव काही कळला नाही. त्यामुळे तो फारच खोल असणार, अशी त्याची खात्री झाली.

त्याचं एक तत्त्व होतं. संशय आला की विचारायचं नाही, कारण विचारलं की समोरचा सावध होतो. या तत्त्वापायी त्याचं आयुष्यात पुष्कळ नुकसान झालं, पण तत्त्वाला कधी ओरखडा आला नाही.

हात मात्र सोन्याचा. दुकानांच्या पाट्या, शाळांचे फळे, गाड्यांचे नंबर, गावात जे जे म्हणून रंगवलेलं दिसे त्यातलं निम्मं त्याचं. आकडे तर असे काढायचा की त्याचा पाच बघितला की पोटभर जेवलेल्या माणसाला भेटल्यासारखं वाटे.

तर एका सोमवारी फुटबॉल क्लबाच्या स्टोअरमधून त्याच्याकडे चिठ्ठी आली. मैदानावरच्या स्कोअरबोर्डाचे पत्रे रंगवायचे होते. हा बोर्ड जुन्या पद्धतीचा. गोल झाला की बोर्डवाला शिडीवर चढणार, जुना आकडा खिळ्यावरून उतरवणार आणि नवा पत्रा टांगणार. चिठ्ठीत लिहिलं होतं: "आपले, शून्य ते तीन. पाहुणे, शून्य ते नऊ. एकूण चौदा. शनिवारी सकाळी पोचते करणे."

पेंटरने चिठ्ठी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग दार लावून वाचली.

आपले तीनपर्यंत. पाहुणे नऊपर्यंत.

अकरा वर्षांपूर्वी हेच पत्रे त्यानेच रंगवले होते. तेव्हा वीस होते. दहा आपले, दहा पाहुण्यांचे. सगळ्यांना सारखे. आणि आता नवा मालक, नवा कोच, सगळ्या संघाची नवी बांधणी, आणि आपल्या वाटचे सहा आकडे गुल! म्हणजे क्लबाने आधीच ठरवलंय, की चौथा गोल म्हणून करायचा नाही. आणि खायचे झाले तर नऊपर्यंत तयारी.

त्याने चिठ्ठी घडी करून टोपीच्या आत ठेवली. स्टोअर चार रस्ते पलीकडे होतं. जाऊन विचारायला दहा मिनिटं लागली असती. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

आता या क्लबाची हकीकत थोडी सांगायला हवी, नाहीतर पेंटर उगाच वेडा वाटेल. अकरा वर्षांत हा संघ इतका हरला होता की गोलची जाळी शिवणारा माणूस हंगामी होता तो कायम नोकरीत गेला आणि बढती मिळून निवृत्तही झाला. गोलकीपरला चेंडूवर छापलेला मजकूर तोंडपाठ होता, कारण तो जाळीतून काढताना रोज वाचायला मिळे. आणि लोक? लोक तरीही येत. शिव्या देत येत, पण येत. गेल्या उन्हाळ्यात नव्या मालकाने जुने बारा खेळाडू एका सकाळी घरी पाठवले, विशीतली पोरं आणली, आणि मैदानाच्या बाहेरच्या भिंतीवर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत लिहून घेतलं: "नवी बांधणी चालू आहे. तीन वर्षं धीर धरा." तेही पेंटरनेच रंगवलं होतं. रंगवता रंगवताच त्याच्या मनात आलं होतं, की रस्ता खणणारे पण असंच लिहितात, आणि मग खड्डा सोडून जातात.

त्यावरून गावात दोन तट पडले. अर्धे म्हणत, याच वर्षी चषक. अर्धे म्हणत, मालकाला मैदान विकून तिथे गोदाम बांधायचंय. धीर धरायला मात्र एकही माणूस तयार नव्हता.

पेंटरचं स्वतःचं त्यात अडकलेलं होतं ते दोन खुर्च्यांमध्ये.

त्याच्या लग्नात सासऱ्यांनी त्याला अंगठी दिली नाही, सूट दिला नाही. मैदानातल्या आपल्या दोन हंगामी खुर्च्या त्याच्या नावावर करून दिल्या. एक त्याला, आणि एक, "माझ्यामागे हिला," असं म्हणून सासूबाईंकडे बोट दाखवलं. पुढे सासरे गेले, सासूबाई लेकीकडे राहायला आल्या, आणि तेव्हापासून जावई आणि सासू शेजारी शेजारी बसून सामने बघत आले होते. शेजारी म्हणजे, मधे एक खांब होता. छपराचा लोखंडी खांब, मिठी मारली तर हाताला हात न लागणारा, बरोबर दोन खुर्च्यांच्या पुढ्यात. डावीकडे बसणाऱ्या सासूबाईंना फक्त डावीकडचा गोल दिसायचा. उजवीकडे बसणाऱ्या पेंटरला फक्त उजवीकडचा. त्यामुळे अठ्ठावीस वर्षं प्रत्येकाने अर्धा सामना डोळ्यांनी बघितला होता आणि अर्धा कानांनी.

"काय झालं, आई?"

"थोडक्यात हुकला हो! एवढासा!"

पेंटरला दाट संशय होता की सासूबाईंचं "एवढासा" म्हणजे पंचवीस हात. पण खांबापलीकडे वाकून बघितलं तर मागचे लोक ओरडत. म्हणून तो समोरच्या उंच बोर्डाकडे बघे. बोर्ड दोघांनाही दिसत असे. बोर्डावर आकडा चढला तरच सासूबाई खऱ्या.

आणि या वर्षी क्लबाने फर्मान काढलं होतं. ज्याच्या नावावर खुर्ची आहे त्याने शनिवारी दुपारी बाराच्या आत खिडकीवर येऊन सही करायची. सही केली तर खुर्ची कायम. नाही केली तर सोमवारपासून ती कुणालाही मिळेल.

सोमवारी संध्याकाळी पेंटर दाढीला गेला. सलूनवाला त्याचा जुना मित्र. गळ्याला फडकं बांधून, तोंडाला फेस लागल्यावर पेंटर आरशातून म्हणाला, "एक सांगतो, पण कुणाला बोलायचं नाही."

"माझ्या दुकानात आलेली गोष्ट मी केसांबरोबर झाडून टाकतो," सलूनवाला म्हणाला. ते खरंच होतं. फक्त झाडलेलं तो रस्त्यावर टाकायचा.

पेंटरने टोपीतून चिठ्ठी काढून दाखवली. सलूनवाल्याचा वस्तरा हवेतच थांबला.

"अरे देवा. म्हणजे चार करायचेच नाहीत?"

"मी काही म्हणत नाही. आकडे म्हणतायत."

"आणि नऊ खायचे?"

"हळू बोल. बाहेर कोण बसलंय बघ."

बाहेर कुणी नव्हतं. एक कुत्रं होतं. पेंटरने त्याच्याकडेही जरा रोखून बघितलं.

घरी आला तर सासूबाई खिडकीपाशी बसून सुतळीचे तुकडे पुठ्ठ्यावर गुंडाळत होत्या. पस्तीस वर्षं पार्सल ऑफिसात बांधाबांध केलेली बाई. त्यांची गाठ गावात प्रसिद्ध होती. असं सांगतात की एकदा एका चोराने त्यांनी बांधलेलं गाठोडं पळवलं, आणि तिसऱ्या दिवशी बोटांना पट्ट्या बांधून परत घेऊन आला, "बाई, तेवढं सोडून द्या." पेंटरचा जेवणाचा डबासुद्धा त्या फडक्यात बांधून देत, आणि तो दुपारी उघडायला पेंटर खिशात छोटी कात्री बाळगी.

"जावईबापू, शनिवारी बारापर्यंत सही आहे हं. लक्षात आहे ना?"

"या वर्षी नाही करायची म्हणतो."

सुतळी थांबली. आतून बायको बाहेर आली.

"अहो, काय म्हणालात?"

"नाही करायची. बास झालं."

"पाठ दुखते का तुमची?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"माझं काही चुकलं?"

"तुमचं काय चुकणार, आई."

"मग क्लबाचं चुकलं असेल. ते तर दर शनिवारी चुकतं. त्यात नवीन काय?"

"आहे काहीतरी. आत्ता सांगता येत नाही."

"अहो, निदान आईचा तरी विचार करा," बायको म्हणाली. "तुमच्या एका सहीवर दोन्ही खुर्च्या आहेत."

"आई दुसरीकडे बसतील. चांगल्या ठिकाणी. खांब नाही तिथे."

सासूबाई हसल्या, पण ते हसू ओठांवरून डोळ्यांपर्यंत काही चढलं नाही. "खांब नाही तिथे? जावईबापू, अठ्ठावीस वर्षं मी अर्धंच मैदान बघितलंय. आता अख्खं दिसलं तर चक्कर येऊन पडेन. आणि शेजारी कोण असणार? कोणी परका. तो मला काय सांगणार, आणि मी त्याला काय सांगणार?"

पेंटरने टोपी डोक्यावर आणखी घट्ट बसवली. या बाईचं शनिवारावाचून काय होईल, ते त्याला ठाऊक होतं. सोमवार ते शुक्रवार त्या नुसत्या दिवस काढत. शनिवारी दहा वाजताच बूट घालून दाराशी बसत. पण ज्या ठिकाणी हरण्याची ऑर्डर आधीच लिहून दिलेली आहे, तिथे म्हाताऱ्या माणसाला नेऊन बसवायचं? ती तर शुद्ध फसवणूक. आपण त्यांना वाचवतोय, अशी त्याने मनाची समजूत घातली. ती नीट पटली नाही, म्हणून आणखी एकदा घातली.

मंगळवारी पेंटर मागच्या अंगणात पत्रे घासत होता तेव्हा पाववाला कुंपणावरून म्हणाला, "ऐकलंत का? क्लबाने पाहुण्यांसाठी दोन आकडी पत्रे मागवलेत. बारापर्यंत."

पेंटर चपापला. त्याच्याकडे तर नऊपर्यंतचेच होते. म्हणजे वरचे दुसऱ्या पेंटरकडे दिले!

बुधवारी बँकेतला शिपाई म्हणाला की नव्या गोलकीपरला डाव्या बाजूचं दिसत नाही आणि मुद्दाम तसाच शोधून आणलाय. गुरुवारी शिंपी म्हणाला की आपल्या बाजूचा गोल रातोरात हातभर रुंद केलाय, त्याच्या मेव्हण्याने स्वतः पावलांनी मोजलाय. मेव्हण्याचा पाय कोणत्या मापाचा, असं मात्र कुणी विचारलं नाही. शुक्रवारपर्यंत मालकाने पाहुण्या संघांना जेवणाचं आमंत्रण धाडलेलं होतं आणि कोच हा मुळात कोच नसून सर्कशीतला होता.

आता गंमत अशी की हे सगळं पेंटरच्याच एका चिठ्ठीचं पीक होतं. पण ते इतकं वाढून, फांद्या फुटून त्याच्या अंगणात परत आलं की त्याला ते ओळखूच आलं नाही. उलट त्याने बोटांवर मोजलं: पाववाला म्हणतो, शिपाई म्हणतो, शिंपी म्हणतो. तीन वेगळी माणसं तीन वेगळ्या गोष्टी सांगतात म्हणजे मूळ गोष्ट खरी असणारच. नऊचा पत्रा रंगवताना त्याने दात खाऊन रंगवला. तरी हात सोन्याचा तो सोन्याचाच. नऊ इतका देखणा उतरला की त्याला स्वतःचाच राग आला.

शुक्रवारी दुपारी शेजारीण सासूबाईंकडे येऊन कुजबुजून गेली. पेंटर अंगणातून बघत होता. शेजारीण गेल्यावर सासूबाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं, वाळत घातलेल्या चौदा पत्र्यांकडे बघितलं, ओठ हलवत काहीतरी मोजलं, आणि आत निघून गेल्या. रडारड नाही, विनवणी नाही. पेंटरला लगेच संशय आला. बाई इतक्या सहज कशा गप्प बसल्या?

शनिवारी सकाळी त्याला उठायला उशीर झाला. पत्रे बांधून निघेपर्यंत सव्वाअकरा वाजले. घरात सासूबाई नव्हत्या. त्यांचे बूटही नव्हते आणि घडीची खुर्चीही.

"आई कुठे गेल्या?"

"बाहेर," बायको म्हणाली आणि भांड्यांचा आवाज जरा वाढवला.

क्लबाचं स्टोअर म्हणजे स्टँडच्या पोटातली लांबट खोली. एका बाजूला जाळ्या, दुसऱ्या बाजूला चुन्याची पोती, कोपऱ्यात मोडकी बाकं, आणि सगळ्याला ओल्या गवताचा वास. स्टोअरवाले काका स्टुलावर बसून कप्प्यांच्या पाट्या खोडून पुन्हा लिहीत होते.

"ठेवा इथे. वा, काय आकडे आहेत! हा नऊ तर टांगूच नये, घरात लावावा."

"टांगायला लागेल म्हणूनच मागवलात ना," पेंटर म्हणाला. आवाजात जेवढी धार आणता आली तेवढी आणली.

"म्हणजे काय, पाहुण्यांचे सगळेच गेले होते हो. एकदा बाहेर काढलेले पत्रे बोर्डवाला तिथेच शिडीखाली टाकतो. ऊन, पाऊस, पाखरं. अकरा वर्षांत एकाचाही रंग राहिला नाही. आपले तीनपर्यंतचे तर विचारूच नका, शून्याचं नुसतं भोक उरलं होतं." काका आपल्याच विनोदावर हसले. "हे जरा धरा. आपले पत्रे खालच्या फळीवर ठेवू, म्हणजे सगळे एकत्र राहतील. वरचा गठ्ठा काढून देतो."

"कसला गठ्ठा?"

काकांनी शिडी लावली, वरच्या फळीवर हात घातला, आणि जाळ्यांमागून एक चौकोनी पुडकं ओढून पेंटरच्या हातात दिलं. खाकी कागदात बांधलेलं. त्यावर बोटभर धूळ. चारही बाजूंनी सुतळी, आणि वर बरोबर मधोमध एक गाठ.

तीच गाठ पेंटर इतकी वर्षं दुपारी डब्यावर बघत आला होता.

त्याने फुंकर मारली. धुळीखाली पेन्सिलीने लिहिलेलं होतं, त्याच्याच अक्षरात: "आपले, चार ते नऊ."

अकरा वर्षांपूर्वीची दुपार त्याला लख्ख आठवली. त्याने वीस पत्रे रंगवले होते, आणि सासूबाईंनी अंगणात बसून ते चार पुडक्यांत बांधले होते, "उचलायला बरं," म्हणून. बाकीची तीन पुडकी पहिल्याच हंगामात कापून उघडली गेली. हे एक राहिलं. अकरा वर्षांत ते उघडायची कुणाला गरजच पडली नाही.

पेंटर पुडकं छातीशी धरून उभाच राहिला. म्हणजे क्लबाने चौथ्या गोलाला नकार दिलेला नव्हता. चौथा गोल वर फळीवर होता. नवाकोरा. वाट बघत.

"उघडून बघू का? गंज लागलाय का ते?" काकांनी शिडीवरून विचारलं.

"नको!" पेंटर इतक्या जोरात ओरडला की काकांनी फळी धरली. "नको. लागेल त्या दिवशीच उघडा. गंज लागणार नाही, मी दोन हात अस्तर दिलंय." मग त्याने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच सरळ विचारलं. "काका, किती वाजले?"

"पावणेबारा."

पुडकं खालच्या फळीवर ठेवून पेंटर धावला. वय साठीकडे झुकलेलं, पोट पुढे. पण गावातले लोक अजून शपथेवर सांगतात, त्याच्या मागून त्याची टोपी दोन मिनिटांनी पोचली.

त्याला वाटलं होतं, खिडकीवर शुकशुकाट असेल. इतकं सगळं ऐकल्यावर कोण येणार सही करायला? वळणावर येऊन बघतो तर खिडकीपासून रस्त्याच्या टोकापर्यंत रांग. पाववाला, बँकेतला शिपाई, शिंपी, शिंप्याचा मेव्हणा. आणि शेवटून तिसरा, खांद्यावर टॉवेल तसाच टाकून, सलूनवाला.

"तू इथे?"

"मी आपला सहज बघायला आलो होतो," सलूनवाला म्हणाला. मग हळूच कानाशी आला. "खरं सांगू? ही अफवा कुणीतरी मुद्दाम पिकवलीय. आपण खुर्च्या सोडाव्यात आणि त्याने घ्याव्यात म्हणून. मी काय दूधखुळा आहे?"

"कुणी पिकवली?"

"ते नाही आठवत. पण कुठूनतरी आली खरी."

पुढचे चारजण वळून बघायला लागले. शिंपी म्हणाला, "पेंटर, तुम्हीच पत्रे रंगवलेत ना? मग खरं काय ते सांगा."

"पत्रे आहेत," पेंटर धापा टाकत म्हणाला. "आपले पण आहेत, नऊपर्यंत. स्टोअरच्या फळीवर. मी डोळ्यांनी बघून आलो."

मग सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि शिंप्याचा मेव्हणा हळूच म्हणाला, "क्लबाने याचं तोंड बंद केलं वाटतं."

"सोमवारी वेगळं, आज वेगळं. कसं काय?" सलूनवाल्याला एकदम आठवलं.

"अहो, मी सांगतो ना, मी स्वतः…"

"स्वतः! बघा, घाम किती आलाय."

पेंटरला अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा कळलं की खरं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो. आणि तो अगदी चोरासारखा होतो.

तेवढ्यात रांगेच्या पार पुढच्या टोकाकडून आवाज आला. "जावईबापू! इकडे या, इकडे!"

खिडकीला लागून, घडीच्या खुर्चीवर, बूट घालून सासूबाई बसल्या होत्या. घड्याळात बाराला सहा मिनिटं कमी. पेंटर पुढे निघाला तशी रांग खवळली.

"ओ, रांगेत या!"

"आम्ही काय वेडे म्हणून उभे आहोत?"

सासूबाई उठल्या. पार्सल ऑफिसात पस्तीस वर्षं ज्या आवाजाने गर्दी सरळ केली होती तो आवाज त्यांनी काढला. "मी सकाळी आठपासून इथे आहे. रांग माझी आहे. पाय माझे, सही त्यांची. कुणाला काही म्हणायचंय?"

कुणाला काही म्हणायचं नव्हतं. म्हणणारा शिंपी होता, पण त्याने मागच्या महिन्यातच त्यांचं परकराचं माप चुकवलं होतं.

खिडकीतल्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. पेंटरने पेन घेतलं. मग थांबून, खाली मान घालून म्हणाला, "आई, तुम्ही आठपासून इथे? मी तर नाही म्हणालो होतो."

"शेजारीण म्हणाली, आपले तीनपर्यंत आणि पाहुणे नऊपर्यंत. तेव्हा कळलं तुमच्या पोटात काय दुखतंय. चार ते नऊचं पुडकं मीच बांधलं होतं ना. अकरा वर्षांत ते सोडायची वेळ कधी आली?"

"मग तेव्हाच सांगायचं होतंत!"

"सांगून तुम्ही ऐकलं असतंत? तुमचा कानांवर विश्वास नाही, जावईबापू. तुमचा डोळ्यांवर. म्हटलं, शनिवारी पत्रे द्यायला जाणारच आहेत, डोळ्यांना दिसू दे." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि मला विचारलं असतंत तर सोमवारीच सांगितलं असतं. तुम्ही सलूनवाल्याला विचारलंत."

"विचारलं नाही. सांगितलं."

"तेच ते."

"आणि मी आलोच नसतो तर?"

सासूबाई घडीची खुर्ची मिटायला लागल्या. पस्तीस वर्षं गाठी मारलेल्या त्या बोटांना खुर्चीची कडी तीनदा लावावी लागली, ते पेंटरने बघितलं. तेवढं खांबापलीकडचं नव्हतं.

"सही करताय ना?" खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "मला बंद करायचंय."

त्याने सही केली. पाटी रंगवावी तशी, ठळक.

आता लोक विचारतात, मग संघ जिंकला का? पहिला सामना आपण एकास दोन असा हरलो. दुसरा शून्य शून्य. नवी पोरं धावत मात्र होती. काही वेळा चेंडूपेक्षा जास्त. रांगेतले सगळे आपापल्या खुर्च्यांवर बसून मालकाला शिव्या देत होते, आणि एकही जागा रिकामी नव्हती.

तिसऱ्या सामन्यात मात्र काहीतरी बिघडलं. उत्तरार्धात आपण सासूबाईंच्या बाजूला हल्ला करत होतो, म्हणजे पेंटरला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. एक ओरडा झाला.

"काय झालं, आई?"

"झाला!"

त्याने सवयीने बोर्डाकडे बघितलं. बोर्डवाला शिडी चढला. एक. थोड्या वेळाने दोन. मग, मैदानभर माणसं उभी असताना, त्याच्या हातचा तीन, चांगल्या घरातल्या माणसासारखा ताठ. पाहुण्यांचा एक. अजून वीस मिनिटं बाकी.

पेंटरला एकदम आठवलं, पुडकं! ते स्टोअरमधून बोर्डापाशी आणलं असेल ना? आणि आणलं असलं तरी ती गाठ! ती गाठ बोर्डवाल्याच्या बापाला सुटणार नाही. चौथा गोल होईल, आणि बोर्डावर तीनच राहतील, आणि तो मूर्ख शिडीवर बसून दातांनी सुतळी चावत बसेल, आणि तेवढ्यात सामना संपेल. हे नक्की मुद्दाम… त्याने खिशात हात घातला. डब्याची कात्री हाताला लागली. खांबापलीकडून सासूबाई वाकल्या.

"कात्री आहे ना?"

"आहे."

"मग उठा. शिडीजवळ जाऊन उभे राहा. इकडचं मी बघते."

तो गेला. वीस मिनिटं शिडीखाली, पुडकं दोन पायांच्या मधे धरून, कात्री उघडी ठेवून उभा राहिला. तिथून मैदान अजिबात दिसत नव्हतं. तेवढ्या वेळात बोर्डवाला तीनदा वर चढला. दोनदा पाहुण्यांचा आकडा बदलायला, आणि एकदा नुसताच बघायला. शेवटची शिट्टी झाली तेव्हा बोर्डावर तीन तीन होते.

"थोडक्यात हुकला हो चौथा," घरी जाताना सासूबाई म्हणाल्या. "एवढासा."

पेंटरने त्यांच्या बोटांतलं अंतर बघितलं. पंचवीस हात, असं म्हणणार होता. पण "एवढासा," म्हणाला.

सोमवारी सकाळी तो धारवाल्याकडे गेला. चाकावर ठिणग्या उडत होत्या. धारवाल्याने ती बोटभर कात्री उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "इतक्या छोट्या कात्रीला इतकी धार? कापायचंय तरी काय?"

पेंटरने आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे बघितलं. कुत्रं बसलं होतं त्याच्याकडेही बघितलं. मग संशयाने डोळे बारीक करून म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय?"